बाकीची कोणापाशी सोडली, पाळकसाहेब?

सलाम, पाळकसाहेब. तुमच्या कबरेवरची माती अजून खाली बसली नाही आणि मी तुमच्याशी भांडायला बसले आहे. लोक म्हणतील, या शालनला मेल्या माणसाचाही लिहाज नाही. म्हणू द्या. मंगळवारी माझ्या गिरणीत माझ्याशी भांडण अर्धं टाकून तुम्ही आसेगावला गेलात, तिथं घरसभा संपता संपता छातीत दुखायला लागलं, आणि जीपनं वाशीमला नेता नेता संपलात. आता ते उरलेलं भांडण मी कोणाच्या दारात नेऊ?

आज शनिवार आहे. उद्या तुमच्यावाचूनचा पहिला रविवार आणि उद्याच पाळक नेमणाऱ्या कमिटीचे दोन साहेब आपल्या कामरगावला येणार आहेत. पाळकीणबाईंना फोन आला होता. माणूस गोड बोलला म्हणे. नवीन पाळक देणं सध्या जमणार नाही, तुमची मंडळी आपली आपण उपासना चालवू शकते का ते आम्ही येऊन पाहू, नसेल चालत तर सगळ्यांनी कारंज्याच्या मंडळीत सामील व्हा, तिथं सगळी सोय आहे. सोय! योहानबाबाचे गुडघे जीपच्या पायरीवर चढत नाहीत. मार्थाची सासू अंथरुणाला खिळलेली, मार्था तासभर शेजारणीला तिच्यापाशी बसवून कशीबशी आपल्या उपासनेला येते, कारंज्याला कशी जाईल? जातील ते चार धडधाकट लोक, तेही सणासुदीला. बाकीचे घरी बसतील आणि घरी बसायची सवय लागेल. कामरगावची मंडळी बंद केली असं कोणी म्हणणारसुद्धा नाही. ती हळूच नाहीशी होईल.

आणि हे सगळं उद्या कशावर ठरणार? वचन द्यायला, म्हणजे पवित्र शास्त्रातलं उलगडून सांगायला, कोणी उभं राहतं की नाही यावर. म्हणजे माझ्यावर! बुधवारी तुम्हाला माती दिल्यापासून माझं कशात ध्यान लागत नाही. काल दोन भाकरी तव्यावर जळाल्या. आज सकाळी तर कहरच केला. सिंधूताईच्या गव्हाच्या मागोमाग तिखट मिरचीचा डबा ओतला, आणि मध्ये काही न दळता त्यावरच दुसऱ्या बाईचे गहू. ती बाई पीठ हुंगून शिंकायला लागली तेव्हा ध्यानात आलं. इतकी वर्षं गिरणी चालवते, असं कधी झालं नव्हतं. माझे मालक, पोरांचे बाबा, म्हणाले, "अवं, तुले झालं काय? दोन दिवस गिरणी बंद ठेव." त्यांना काय सांगू? तुम्हीच माझ्या तोंडाला कुलूप लावून गेलात.

ते कुलूप कसं लागलं ते आठवतं ना? दुपारी गिरणीवर गर्दी नसायची तेव्हा तुम्ही यायचे. हातात डबा, डब्यात ओंजळभर ज्वारी. पाळकीणबाई एकदा चिडून मला म्हणाल्या होत्या, "घरात आमी दोन मानसं, अन हे पाहावं तवा दळनच घेऊन जातेत. पिठात अळ्या पडून राह्यल्या." मी काय बोलणार! तुम्ही पोत्यावर बसायचे, पट्टा फिरायला लागला की म्हणायचे, "हां, सांग आता."

"गिरनी बंद करू द्या मंग."

"कायले बंद करतं? चालू राहू दे. ह्या आवाजात तुह्यं बोलनं मले समजलं, तर मंडळीत कोनालेही समजन."

आणि मी, बारावी झालेली, दोन पोरांची आई, पिठाच्या धारेखाली हात धरून शास्त्रातली एकेक गोष्ट तुम्हाला ओरडून सांगायची. तुम्ही मध्येच हात वर करायचे. "हे पुस्तकातलं बोलली. तुह्यं बोल." मी परत सांगायची. "आता माह्यी नक्कल केली. तुह्यं बोल." मला असा राग यायचा की वाटायचं, पिठाचा डबा तुमच्या डोक्यावर उपडा करावा. तसंही तुमच्या केसांवर पीठ बसलेलंच असायचं. जाताना मात्र प्रत्येक वेळी बजावायचे, "शालन, हे तुह्यात-माह्यात राहू दे. लोकाईले समजलं का कोनी हासन, कोनी नावं ठेवन, अन तू सोडून देशीन. येळ आली का आपोआप समजन सगळ्याईले."

वेळ आली बरं का पाळकसाहेब. आणि तुम्ही नाही.

मला तुमच्या त्या घशाची आठवण येते. वर्षातून किती तरी रविवारी तुमचा घसा नेमका उपासनेच्या आधी बसायचा. गळ्याला मफलर गुंडाळून, खुणेनं सांगायचे, मार्था, तू प्रार्थना कर. दाविद, तू शास्त्र वाच. आणि उपासना संपून चहा आला की तोच घसा असा खणखणीत की रस्त्यावरच्या माणसाला ऐकू जावं. सगळ्यांना माहीत होतं. योहानबाबा तर तोंडावर विचारायचे, "काहो पाळकसाहेब, चहानं बरा झाला का घसा?" तुम्ही हसायचे. लबाड होतात तुम्ही. देवाच्या घरात लबाडी करायचे आणि वर म्हणायचे की ही सेवा आहे.

एकदा असाच घसा बसला आणि तुम्ही माझ्याकडे बोट केलं. नुसतं शास्त्र वाचायचं होतं. मला सवय गिरणीतली. मी उभी राहिले आणि पहिलं वाक्य असं काही गरजले की मार्थाच्या कडेवरचं पोरगं दचकून रडायला लागलं आणि योहानबाबा जागे होऊन म्हणाले, "कोनाचं भांडन लागलं बे?" सगळी मंडळी हसली. तुम्ही तर डोळे पुसत होते हसून हसून. बसलेला घसा हसायला कसा चालतो? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी तुम्ही ज्वारीचा डबा घेऊन आलात तेव्हा मी तोंड फिरवून बसले. तुम्ही म्हणालात, "मागच्या ओळीतल्या म्हाताऱ्यानं आजवर माह्यं एक वचन पुरं आयकलं नाही, शालन. कालचं आयकलं." मला हसू आलं, ते लपवायला मी गिरणी चालू केली.

आता हसू येत नाही. आता वाटतं, उद्या मी अशीच गरजले तर कमिटीचे साहेब काय म्हणतील? आणि घाबरून आवाजच फुटला नाही तर? बाईनं वचन दिलेलं त्यांना चालतं का, हे तरी तुम्ही विचारून ठेवलं होतं का? तुम्ही काहीच विचारून ठेवायचे नाही. पाणी गळ्याशी आलं की माणूस पोहतो, असं तुम्हाला वाटायचं. काही माणसं बुडतात, पाळकसाहेब!

पण खरं सांगते, बोलण्यापेक्षा गप्प बसायचं तुम्ही मला जास्त शिकवलं. आसेगावची ती म्हातारी आठवते? तिचा जीव आज जातो की उद्या असं झालेलं. तुम्ही मला मोपेडवर मागे बसवून नेलं. वाटेत दोन्हीकडं तुरी उभ्या होत्या आणि मी मनातल्या मनात प्रार्थनेचे शब्द जुळवत होते. घरात शिरताना तुम्ही हळूच म्हणालात, "बोलू नको. बस फक्त." मी बसले. तिचा हात हातात घेतला. तुम्ही बाहेर जाऊन तिच्या लेकाशी सोयाबीनच्या भावाचं बोलत राहिलात. मला आत एकटीला सोडलं. कितीतरी वेळ गेला, तिनं डोळे उघडून मला विचारलं, "कोन वं तू?" मी म्हणाले, "कामरगावची. गिरनीवाली." ती म्हणाली, "बरं झालं आली." बस, एवढंच. परत येताना मी तुमच्या पाठीमागं बसून रडले ते तुम्हाला कळलं होतं. कळून न कळल्यासारखं केलंत. त्यासाठी मी तुमची ऋणी आहे. हे तोंडानं सांगायचं राहून गेलं.

आणि तुमच्या मातीच्या दिवशी काय झालं ते सांगते, तुम्ही असते तर पोट धरून हसले असते. बाहेरून आलेल्या पाळकांनी विधी नीट केला, चांगला माणूस आहे. कबरेपाशी त्यांनी गीत सुरू केलं, अगदी योग्य पट्टीत. पण आम्हाला तुमची सवय. तुम्ही दर वेळी गीत इतकं वर उचलायचे की दुसऱ्या कडव्याला सगळ्यांचे डोळे बाहेर यायचे. त्या बिचाऱ्यांनी खाली सुरू केलं आणि आम्ही सगळे, न ठरवता, तुमच्या पट्टीत. ते थांबले, आमच्याकडे पाहिलं, आणि मग तेही वर आले. त्यांचा आवाज फाटला. पाळकीणबाईंनी पदर तोंडाला लावला, रडायला का हसायला ते मला कळलं नाही.

आता भांडणाकडे येते.

ती हरवलेल्या मेंढराची गोष्ट. मंगळवारी तुम्ही मला तीच सांगायला लावली. मी रंगात येऊन सांगत होते, मेंढपाळ बाकीची मेंढरं रानात सोडतो आणि त्या एकाला शोधायला काट्याकुट्यात जातो. सिंधूताई आपलं दळण घ्यायला उभी होती. ती काही आपल्या मंडळीतली नाही, तिच्या घरी दर एकादशीला भजन असतं, पण ऐकून ऐकून तिला आपल्या अर्ध्या गोष्टी पाठ आहेत. तिनं मला मध्येच थांबवलं. "थांब वं शालन. तो त्या एकामागं गेला, बरं केलं. पन मंग बाकीची कोनापाशी सोडली त्यानं? लांडगा आला असता तर?"

मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही पोत्यावरून उठून टाळी वाजवली! "आयकलं? हेच इचारतो मी कवापासून लोकाईले, अन कोनी उत्तर देत नाही. सिंधूताईनं पकडलं. शालन, याचं उत्तर शोध. तेच तुह्यं पयलं वचन. येत्या रविवारी तू उभी राह्यशीन."

माझ्या हातातून डबा निसटला. मी म्हणाले, "मी नाही. पाळक तुमी, मेंढरं आमी. मेंढराच्या हातात कायले काठी देता? लोकाईच्या घरी जा, आजाऱ्यापाशी बसा, शास्त्र वाचा, आता वचनबी द्या. सगळं आमीच केलं तर तुमी काय करसान?"

"मी हेच करतो," तुम्ही म्हणालात. "माह्यं काम हेच हाये. तुमाले तयार करनं."

"मंग तुमचं काम तुमी आमच्या गळ्यात घातलं म्हना ना सरळ."

तेव्हा तुमचा चेहरा पडला. की मला तसं वाटलं? तुम्ही काहीतरी बोलणार होते. तेवढ्यात बाहेरून आसेगावच्या जीपवाल्यानं हाक मारली, कारण तुमची मोपेड नेहमीसारखी दाविदच्या दुकानात पंक्चर काढायला पडलेली होती. तुम्ही डबा उचलला, म्हणालात, "आसेगावहून आलो का सांगतो," आणि गेलात.

काय सांगणार होता?

चार दिवस मी त्याच एका गोष्टीवर दळते आहे. कधी वाटतं तुम्ही म्हणाला असता की मेंढपाळानं बाकीची एकमेकांच्या भरवशावर सोडली, त्यांना तेवढं शिकवून ठेवलं होतं म्हणून. छान वाटतं ऐकायला. पण मग मी विचारलं असतं, आणि शिकवणं पुरं झालं नसेल तर? मला तर नाही शिकवलं पुरं. मला मधला अर्धाच भाग येतो. सुरुवात येते, शेवट येत नाही. मी बोलायला लागले आणि मध्येच अडकले तर मंडळीत कोण आहे सावरणारं? मार्था चांगली आहे, पण चार लोकांत तिचा आवाज ओठाबाहेर येत नाही. दाविदला पंक्चरच्या पलीकडं बोलायला सांगा, घाम फुटतो. योहानबाबांना आता दिसत नाही नीट. सगळा भार माझ्या एकटीवर टाकून गेलात, आणि कोणाला सांगायची सोय नाही.

आज दुपारी मार्था गिरणीवर आली. दळण नव्हतं आणलं. उगाच उभी राहिली, पोत्यावरचं पीठ झटकत. चेहरा हळदीसारखा. म्हणाली, "शालनबाई, उद्या वचन कोन देनार हाये?"

मी म्हणाले, "पाहू. देवाले काळजी."

"तसं नाही. पन कोनी उभं राह्यलंच नाही तर?"

मला राग आला. वाटलं, हिला कळलंय वाटतं, आणि हिचा माझ्यावर भरवसा नाही. मी तोडून बोलले, "कायले चिंता करून राह्यली तू? तू प्रार्थनेचं पाहाय." ती आणखी काहीतरी बोलणार होती, पण गेली. तिकडं दाविदनं सकाळपासून दुकानच उघडलं नाही. पोट बिघडलं म्हणे.

सगळ्यांना दिसतंय उद्या काय होणार आहे. मला पण दिसतंय. ते दोन साहेब खुर्चीवर बसतील, विचारतील, आणि आपल्या त्या पत्र्याच्या खोलीत कोणी हलणार नाही. मला उठावं लागेल. देवाशी बोलायला बसले तर तुम्हीच आठवता आणि भांडणच तोंडात येतं. म्हणून तुम्हालाच लिहिते आहे. आता पुरे करते, भात लावायचा आहे.

*

रविवार. जेवणं झाली, मालक झोपले आहेत. घाईत लिहिते आहे, अक्षर समजून घ्या.

साहेब लोक वेळेवर आले. दोघंही नीट माणसं. त्यांच्यासाठी भिंतीला दोन प्लास्टिकच्या खुर्च्या ठेवल्या, आम्ही नेहमीसारखे सतरंजीवर, पुरुष एकीकडं, बाया एकीकडं. तुमची जागा कोणी घेतली नाही, सगळे जरा सरकून बसले. गीतं झाली. प्रार्थना झाली. मग त्यांतले वयानं मोठे साहेब उभे राहिले, घड्याळाकडे पाहिलं, आणि म्हणाले, "आता वचन कोण देणार?"

बाहेर कोणाचा तरी ट्रॅक्टर गेला. मला दिसलं की दुसरे साहेब खाली मान घालून बसले, त्यांनाही वाईट वाटत असावं. मी म्हटलं, शालन, आता नाही उठली तर संपलं. पदर खोचला आणि उठले.

साहेब माझ्याकडे बघतच नव्हते. माझ्या मागे बघत होते. मग पुरुषांकडे बघायला लागले. मी वळले.

मार्था उभी होती. शास्त्र छातीशी घट्ट धरलेलं. आणि तिकडं दाविद उभा, नवा शर्ट घातलेला, नखांत मात्र काळं तसंच. आणि योहानबाबा काठीवर जोर देऊन उठायला बघत होते, शेजारचे म्हणत होते बसा बाबा, बसा, आणि बाबा त्यांच्या अंगावर खेकसले, "कायले बसू? मले सांगून ठेवलं हाये त्यानं!"

मग मार्था तिथूनच, मोठ्यानं, कधी नाही एवढ्या मोठ्यानं बोलली, "शालनबाई, तुमालेबी?"

"तुले कवा शिकवलं त्यांनी?" मी विचारलं.

"सासूले पाहाले येत, तवा."

दाविद म्हणाला, "माह्या दुकानात. म्हनून त्यांच्या गाडीची ट्यूब सारखी जात होती. मले म्हनले, कोनाले सांगू नको."

पाळकीणबाई पुढच्या ओळीत बसल्या होत्या. त्यांना हसू फुटलं. मंगळवारपासून पहिल्यांदा. हसता हसता त्यांना रडू आलं आणि शेजारणीच्या खांद्यावर डोकं टेकून रडत राहिल्या. पाळकसाहेब, काय माणूस होता तुम्ही! चार घरांत चार जणांना घोर लावून गेलात, प्रत्येकाला वाटत राहिलं की सगळं माझ्या एकट्याच्याच डोक्यावर आहे. चार जण चार रात्री झोपले नाहीत. एकमेकांना सांगू दिलं असतं तर काय बिघडलं असतं? हे मी तुम्हाला कधीच माफ करणार नाही, आणि आज सकाळी मी तुमच्यावर जेवढी माया केली तेवढी जन्मात कोणावर केली नसेल.

साहेब गोंधळले होते. म्हणाले, "म्हणजे नेमकं कोण बोलणार?"

"आज मी," मी म्हणाले. "पुढच्या रविवारी मार्था. त्याच्या पुढं दाविद. योहानबाबा म्हनतीन तवा योहानबाबा."

"पण मग तुमच्याकडे पाळक कोण, बाई?"

"पाळक आमी बुधवारी मातीत ठेवला, साहेब. तुमी बसा."

ते बसले. मी बोलायला तोंड उघडलं तर रडू आलं. तुमच्या कबरेपाशी आलं नव्हतं ते सगळं तिथं आलं, पाळकसाहेब, सगळ्यांसमोर. कोणी गीत सुरू करून झाकलं नाही, कोणी बस म्हटलं नाही. सगळे थांबले. मग मी बोलले, सिंधूताईच्या त्याच प्रश्नापासून.